दाखवायची चूल

आमच्या घरात माणसं नऊ आणि मीटर एक. सासूबाई, मी, माझे मालक, धाकटा दीर, जाऊ आणि दोघींची मिळून चार लेकरं. आखाडा बाळापूरच्या उन्हाळ्यात नऊ जणांना पंखे लागतातच, त्यामुळे बिल दर महिन्याला शंभर युनिटच्या पुढे जायचं. शंभराच्या आत राहील त्याला सवलत, पुढे गेला की दर चढलाच. समोरच्या घरात नवरा-बायको दोघंच. त्यांच्याकडे फ्रीज, मिक्सर, सगळं, तरी ते कायम सवलतीत. सरकार मीटर मोजतं, माणसं मोजत नाही, हे मी इतक्यांदा बोलून दाखवलं की शेवटी मालक म्हणाले, "आता तूच जाऊन सांग त्यांना."

मी खरंच गेले. कळमनुरीला वीज ऑफिसच्या खिडकीतल्या माणसाने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, एकत्र राहिल्यावर असंच होणार. रेशनकार्ड वेगळं करा, चूल वेगळी दाखवा, दुसरं मीटर मिळून जाईल."

म्हणजे एकत्र राहील त्याला दंड आणि वेगळा निघेल त्याला बक्षीस. माझं डोकंच फिरलं. पण बसमधून उतरेपर्यंत तेच डोकं कामाला लागलं होतं. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे असतात, तशी आपणही एक दाखवायची चूल मांडू, असं मी घरात सगळ्यांना पटवलं. जावेच्या खोलीला मागून दार होतंच. तिथे एक गॅसची शेगडी ठेवायची, चार भांडी मांडायची, तपासणी झाली की उचलून टाकायची.

सासूबाईंना आम्ही दोघी मामी म्हणायचो.  शेगडी मांडली त्या दिवशी सकाळी त्या पातेल्यात थोडं दूध घेऊन आल्या. नवी चूल पेटवली की तिच्यावर पहिल्यांदा दूध उतू जाऊ द्यायचं, ही आमच्याकडची रीत.

मला हसू आलं. "मामी, ही खोटी चूल हाय. तिला काहून दूध?"

"जाळाला खरं-खोटं कळत न्हाई, माय," त्या म्हणाल्या. दूध उतू गेलं. त्यांनी शेगडीला हळद-कुंकू लावलं आणि पदराने डोळे पुसले. धुराने आलं असेल पाणी, म्हणावं तर गॅसला कुठला आलाय धूर. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

तपासणीला आलेला माणूस भला होता. त्याने दोन दारं पाहिली, दोन शेगड्या पाहिल्या, कागदावर लिहून घेतलं. जाता जाता त्याने विचारलं, "आणि आजी कोणाकडं राहतात?"

हे आम्ही ठरवलंच नव्हतं. मामी तिथेच भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांना दमा होता, उन्हाळ्यात दिवसभर पंखा लागायचा. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी माझ्या मनात तो पंखाच आला. माझी लेकरं मोठी, अभ्यासाला दिवे जास्त लागणार, वर मामींचा पंखा आमच्या मीटरवर आला तर शंभराच्या आत राहणं अवघड. मी जावेकडे बोट दाखवलं. "तिच्याकडं," म्हणाले.

माझ्या दोन्ही बाळंतपणांत ह्याच मामीने मला गार पाण्यात हात घालू दिला नव्हता. बावीस वर्षं मी तिच्या हाताखाली राहिले, आणि एका पंख्यासाठी तिला तिकडे ढकललं. त्या माणसाला तो कागदावरचा एक रकाना होता. मामींनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्या बघण्याची मला अजून लाज वाटते.

दुसरं मीटर आलं. दोन्ही बिलं सवलतीत बसली, म्हणजे माझंच खरं झालं. मामींचा पंखा जावेच्या मीटरवर जोडला गेला, तो मात्र बंद राहू लागला. मी लावला की त्या उठून बटण बंद करायच्या आणि वहीच्या पुठ्ठ्याने वारा घेत बसायच्या.

"मामी, ते नुसतं कागदावर हाय," मी एकदा हात जोडून म्हणाले.

"व्हय की," त्या म्हणाल्या. "पर बिल तर तिला येऊन राहिलं ना. राहू दे, वारं येतंय दारातून."

शेगडी उचलायची राहूनच गेली. आधी जाऊ तिच्यावर लेकरांचं दूध तापवायची, मग चहा करू लागली, मग एक दिवस भाकरी. भांडण असं काही झालं नाही. झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. मामी दोन्हीकडचं थोडं थोडं खायच्या आणि कुठेच पोटभर जेवायच्या नाहीत.

पौषात त्या गेल्या. मयत झालेल्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. भावकीतून पिठलं-भाकरी येते, तिला कडू घास म्हणतात. माणसं स्मशानातून परतली, अंघोळी झाल्या, तेवढ्यात भावकीतली एक म्हातारी टोपलं घेऊन दारात आली. तिच्या मागे तिची सून उभी होती, तिच्याही डोक्यावर एक टोपलं.

"तुमी आता येगळे राहता ना," म्हातारी म्हणाली, "म्हणून दोन आणले, माय. हे तुमचं. ते मागच्या दारानं देते."

ते नुसतं कागदावर आहे, असं म्हणायला माझं तोंड उघडेना. मी माझ्या वाट्याचं टोपलं उतरवून घेतलं.