काझ खाटकाचा विक्रम

आपल्या नावावर एखादा विक्रम असावा असं कुणाला वाटत नाही? अमेरिकेतल्या केर्नविल गावच्या काझिमिर वोइतासिकच्या नावावर होता, आणि तोही व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमधला, जिथे चेंडू हातात धरून पळतात. गावच्या मिलमेन संघातून धावताना त्याने एकाच हंगामात बारा वेळा हातातला चेंडू सांडला होता. एवढा धांदरट धावपटू संघाने ना आधी पाहिला, ना नंतर. हंगाम संपताच संघाने त्याला नारळ दिला आणि काझ सासऱ्याच्या मांसाच्या दुकानात सॉसेज भरायला लागला.

गाव मेलं भारी टवाळ. "काझ, पुडकं हातात नको देऊस रे बाबा, टेबलावर ठेव!" हे ऐकल्याशिवाय त्याचा दिवस जात नसे. गावातल्या पोलिश लोकांच्या क्लबात बारच्या वर विक्रमवीर म्हणून त्याचा फोटो होता. तो चिडत नसे. त्याच्याबरोबरच्या गुणी खेळाडूंना लोक केव्हाच विसरले होते, याचं नाव मात्र शेंबड्या पोरांनाही पाठ होतं.

आणि मग बऱ्याच वर्षांनी अलाबामाहून ट्रेमेन टॉलिवर मिलमेनकडून खेळायला आला. पाय असे की मागून कुणी गाठू नये, पण हात काझसारखे. हंगामाचा एक सामना उरला असताना त्याचेही बारा झाले आणि काझचा जीव टांगणीला लागला.

"फोटो उतरवतील गं," तो बायकोला म्हणाला. "मग मी कोण? नुसता सॉसेजवाला."

"एरवी कोण आहेस?" बर्नडीन म्हणाली.

चेंडू सांडणाऱ्याला आठवडाभर तो काखेत घेऊन हिंडावं लागे, ही मिलमेनची जुनी शिक्षा. गावात कुणीही फटका मारून तो पाडावा, सगळ्यांना मुभा. गुरुवारी ट्रेमेन दुकानात आला, तर रांगेतल्या ह्राबोव्स्की आजीने पर्स अशी हाणली की चेंडू थेट आंबवलेल्या कोबीच्या पिंपात. दुकान खो खो हसलं. पोराचे डोळे मात्र भरून आले.

"कोच म्हणालेत, आता एकदा जरी चेंडू समोरच्यांच्या हाती गेला, तरी बॅग भर."

काझने दुकान बंद केलं. "ये मागे. शिकवतो."

"तुम्ही, मिस्टर काझ? चेंडू धरायला?"

"सांडायचे सगळे प्रकार माझे करून झालेत, पोरा. माझ्याइतका अनुभव आहे कुणाला?"

यात परोपकार वगैरे काही नव्हता, हे सांगितलेलं बरं. काझला आपला विक्रम वाचवायचा होता. त्याने डुकराच्या फऱ्याला, म्हणजे अख्ख्या तंगडीला, चरबी चोपडली आणि तो ट्रेमेनच्या काखेत दिला. पोरगा टांगलेल्या मांसातून वाट काढत धावायचा आणि बर्नडीन त्याला झाडूने झोडपायची. तीन दिवस हेच. शेवटी फरा काही केल्या सुटेना, तेव्हा काझने तो स्वतःच जमिनीवर फेकला आणि ट्रेमेनला त्याच्यावर झेप घ्यायला लावली. पुन्हा, पुन्हा.

"हे कशाला?" बर्नडीनने विचारलं. "सांडलेला स्वतःच उचलला तरी सांडलेलाच धरतात ना? तुझा विक्रम तर गेलाच."

"तू झाडू मार गं," काझ म्हणाला.

रविवारी सामना बघायला क्लबात टीव्हीसमोर पाय ठेवायला जागा नव्हती. शेवटचं मिनिट, मिलमेन एका गुणाने पुढे, चेंडू ट्रेमेनकडे. तो दोघांना चुकवून निघाला, तेवढ्यात मागून कुणीतरी धडकलं. चेंडू उडाला.

काझ खुर्चीवर चढला. "पड! उभा राहू नकोस, पड त्याच्यावर!"

टीव्हीवर माणसांचा ढीग झाला. पंच एकेकाला ओढून काढत होते. सगळ्यात खाली ट्रेमेन होता, आणि त्याच्या पोटाखाली चेंडू. सामना जिंकला! कोचने त्याला मिठीच मारली.

क्लबात मात्र चिडीचूप. तेरावा होता हा. सगळे काझकडे बघत होते, आणि काझ डोळे पुसत होता.

"रडू नकोस रे," बारवाला म्हणाला. "फोटो राहू देऊ आपण."

"फोटोला कोण रडतंय? मी बाराही वेळा उभाच राहिलो. लाजेने डोकं धरून उभा. आणि दुसरेच चेंडू घेऊन जायचे. आडवं पडायला हवं होतं, एवढं साधं! पण मला कुणी सांगितलंच नाही."

"मग त्याला कुणी सांगितलं?" बर्नडीनने विचारलं.

काझने डोळे पुसायचं थांबवलं.

"मी सांगितलं," तो म्हणाला, आणि तेव्हा कुठे क्लबात जो गलका झाला, तो नदीपलीकडेही ऐकू गेला असणार.