वस्तीचा इतिहास आणि मी
भुईमुगाच्या शेंगा उकडल्याचा वास आला की मला बी.एड.चा तो प्रकल्प आठवतो. मेडशीजवळच्या एका वस्तीचा इतिहास गावकऱ्यांकडून ऐकून लिहायचा होता, नाहीतर नापास. एक म्हातारी माझ्यासाठी दोन तास बोलली. मोबाइल टिपून घेतोय या भरवशावर मी नुसती मान डोलवत शेंगा खात राहिलो. खोलीवर येऊन पाहतो तर बटण दाबलेलंच नाही! सकाळी धापा टाकत परत गेलो, तर तिच्या दाराला कुलूप. "घरचे सारे तं बुढीले घेऊन पहाटंच उसतोडीले गेले," शेजारीण म्हणाली. मी रडकुंडीला आलो. "मावशी, मग तुम्हीच सांगा ना थोडं!" "आमाले कायले सांगते बुढी? आमी कधी इचारलंच नाही. तुलेच सांगतलं तिनं सारं. काय म्हने? सांग ना मास्तर." आणि पदर सावरून ती माझ्यासमोर बसली. मास्तर होऊन आता बरीच वर्षं झाली. पण इतकं मन लावून माझं ऐकायला पुन्हा कोणी बसलं नाही.