दुखवट्याचा रबरी आहेर

बायकोच्या दुखवट्याला मी गळ्यापासून घोट्यापर्यंत रबराचा होतो.

हसू नका. (हसा, मला काय! त्या दिवशी सगळं कारेगाव हसून गेलंय.) शाळा मला फारशी झेपली नाही, त्यामुळे गोष्ट सरळच सांगतो.

माझा पोरगा संतोष इथल्या एका कारखान्यात होता. कंपनी त्याला हिवाळ्यात परदेशी ट्रेनिंगला पाठवणार होती, आल्यावर बढती. तिथला गोरा साहेब भलताच हौशी. म्हणाला, सुट्टीत तुला समुद्रावर काइटसर्फिंगला नेतो, वडलांनाही घेऊन ये. माझी बायको हिरा नुकतीच गेलेली, घरात आम्ही बापलेक दोघंच. संतोषनं धोशा लावला.

"आबा, तुम्ही येत असला तरच जातो. तुम्हाला एकटं ठिवून न्हाई जायाचा."

"मग नको जाऊ."

"बढती जाईल ना!"

"मग जा."

"एकटं ठिवून न्हाई!"

मी म्हणालो, बरं, तिथं करायचं काय ते तरी सांग.

"पायाखाली फळी, हातात मोठा पतंग. वाऱ्यानं पतंग ओढला का आपण पाण्यावरनं पळायचं."

"म्हंजी पतंग माणसाला उडवतो?"

"व्हय."

"मग दोरी कुणाच्या हातात?"

"आपल्याच!"

माझं डोकं गरगरलं. "आन् पाणी?"

"बर्फावानी."

"अरं मग उन्हाळ्यात जा की!"

"वारं हिवाळ्यातच चांगलं असतंय, आबा."

हिरा असती तर तिनं त्या साहेबाच्या डोक्यावर थंडगार पाण्याची कळशी ओतून विचारलं असतं, कसं वाटतंय रं?

माझी थोरली बहीण, राहू गावाला दिलेली आक्का, तेव्हा दुखवट्यापुरती आमच्याकडं राहिली होती. मी जाणार की नाही हे ठरायच्या आधीच तिनं बांधाबांध काढली. शेंगदाण्याची चटणी, घोंगडं, कानटोपी.

"आन् तिथल्या समुद्राला नारळ वाहा. तिथंच घ्या, ताजा मिळंल."

"आत्या, तिथं थंडीत नारळाचं झाड जगत न्हाई," संतोष म्हणाला.

"मग त्यो समुद्र कसला मेला!"

मला हे पटलं. मी जायचं नाही असं पक्कं केलं.

दुसऱ्या दिवशी पाबळहून सासरवाडीची माणसं दुखवटा घेऊन येणार होती. आमच्याकडं रीत अशी, की सासरवाडीनं नवे कपडे आणायचे आणि विधुरानं ते भावकीसमोर अंगात घालायचे. नाही घातले तर नातं तुटलं! संतोष सकाळीच ड्युटीला गेला आणि जाताना खाटेवर एक पिशवी ठेवून गेला. मला काही बोलला नाही. मेव्हणा दगडू आला, त्यानंही आपली पिशवी तिथंच ठेवली. आक्कानं एक उचलून ताटात रिकामी केली.

आतून काळंकुट्ट काहीतरी निघालं. हात, पाय, पोट, सगळं एकत्र!

"सदरा आन् पँट एकातच शिवलीय," आक्का मोठ्यानं म्हणाली. "कापड वाचवलंय पाबळकरांनी."

दगडूनं कपडे बघितलेच नव्हते, ते त्याच्या पोरानं पुण्यातून आणलेले. पण बहिणीच्या दुखवट्यात माघार कोण घेणार? "वाचवलं? हात लावून बघा, केवढं जाड हाय! पुण्याची फॅशन हाय ती. दाजी, घाला!"

भांडण नको म्हणून मी घातलं. म्हणजे दगडू आणि दोन चुलतभावांनी मला त्यात कोंबलं. चेन अर्थातच पुढं घेतली आणि वर ओढली, तर तिच्यात माझा गंजीफ्रॉक अडकला. मी बाहेर आलो तो दोन्ही हात पसरून. ते खाली येईनात!

"आबा, श्वास घेताय ना?" कुणीतरी विचारलं.

काढायला गेले तर बाही हातभर ताणली जायची आणि फाटकन परत यायची. खोबरेल ओतलं. मी निसटायचं सोडून ओढणाऱ्यांचेच हात निसटले! आक्का म्हणाली, कात्री आणा. दगडू दारात आडवा. "आमच्या आहेराला कात्री? मग संपलंच नातं!"

एवढ्यात संतोष ड्युटीवरून आला. मला बघून त्याचा चेहरा असा फुलला, की मला तोंड उघडता येईना.

"आबा! साहेबानं तुमच्यासाठी धाडल्याला पाण्यातला सूट! तुम्ही तयार झालात, आन् मला बोलला पण न्हाई!"

सगळ्यांच्या माना हळूहळू खाटेवरच्या दुसऱ्या पिशवीकडं वळल्या. दगडूनं ती उघडली. पांढरं धोतर, सदरा, टोपी. आधी तोच हसला. मग आक्का. मग मी, हिरा गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. (रबर फार आवळत होतं.)

"उलटा घातलाय, आबा. चेन पाठीवर असती," संतोष म्हणाला.

"मग काढ."

"आधी सांगा, येताय का?"

"काढ म्हणतो ना!"

"येताय का?"

तो खाटेवर मांडी घालून बसला. आवाजात गंमत होती, डोळ्यांत नव्हती.

"येतो!" मी ओरडलो.

आज लोक माझं कौतुक करतात. म्हणतात, आबांनी पोराच्या बढतीसाठी ह्या वयात बर्फाच्या समुद्रापर्यंत जायची तयारी दाखवली. कसली बढती, कसला समुद्र! मला लघवीला लागली होती.