कोपऱ्यातल्या खोलीवरची ओल

लोक तिला गच्चीताई म्हणत. तिशीत ती एका इमारत-दुरुस्तीच्या कचेरीत टाइपिंगला लागली होती. अहवाल टाइप करता करता ते तिला कळायला लागले, आणि एकदा साहेबांचे गुडघे गेले तेव्हा मोजमाप घ्यायला तीच वर चढली. ती चढली ती सत्तावीस वर्षं चढतच राहिली. आता तिचेही गुडघे गेले होते.

काम एकच. सपाट गच्चीच्या पोटात ओल कुठे दडली आहे, ते दुरुस्ती ठरवण्याआधी शोधून द्यायचं. हे सांगितलं की समोरचा हमखास म्हणायचा, "म्हणजे कुठे पाणी मुरतंय ते बघता!" आणि स्वतःच हसायचा. पहिली दहा वर्षं तीही हसली. मग नुसती मान हलवायला लागली.

त्या दिवशी वृद्धाश्रमाची गच्ची होती. जेवणघराच्या छतातून ठिबकत होतं. तेवढा तुकडा उखडून नवा थर द्यायचा, असं ठेकेदाराचं आणि व्यवस्थापकांचं आधीच ठरलं होतं. गच्चीताईने फक्त कागदावर सही करायची होती. तरी सवयीने ती आधी खालच्या खोल्या बघत फिरली.

कोपऱ्यातल्या खोलीत एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. सगळे त्यांना बाईच म्हणत. छत कोरडं खडखडीत, रंगाचा एक पोपडा नाही. पण बाई म्हणाल्या की दोन वर्षं खोलीत कुबट वास येतो. व्यवस्थापकांनी दारातूनच डोळा मारला. बाहेर आल्यावर हळूच म्हणाले, वय झालंय, नाकाला भास होतात. गच्चीताईने वहीत लिहिलं : वास, कोपरा.

दिवसभर ऊन कडक होतं, ते बरं झालं. ऊन उतरल्यावर ती उष्णता टिपणारा कॅमेरा घेऊन वर गेली. कोरडी गच्ची लवकर निवते, भिजलेली मात्र दिवसाची ऊब धरून बसते, आणि ती ऊब या कॅमेऱ्यात उजळ दिसते. जेवणघरावर हातभर उजळ डाग दिसला. तिथून एक पट्टा सरकत सरकत थेट कोपऱ्यातल्या खोलीवर गेला होता, आणि तिथे चांगला खाटेएवढा पसरला होता. ती तिथेच पालथ्या बादलीवर बसली. आज लवकर घरी जाऊ, असं तिला सकाळपासून वाटत होतं.

नुसत्या चित्रावर ती कधी विसंबत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ठेकेदारासमोर गच्चीला वाटीएवढं भोक पाडलं. वरचा थर तीन वर्षांपूर्वीचा, धडधाकट. त्याखालचा जुना थर तिने मुठीत दाबला, तर बोटांतून पाणी गळलं. आधीच्या दुरुस्तीत ओल सुकू दिलीच नव्हती. वरून झाकण घातलं, आणि ओल आत कोंडली. खालचा स्लॅब तिने ठोकून पाहिला. आवाज पोकळ आला, म्हणजे काँक्रीट आतून सुटलं होतं.

भोक बुजवून ती खाली आली आणि व्यवस्थापकांना म्हणाली, "कोपऱ्यातली खोली आजच रिकामी करा."

"अहो, ठिबकतंय जेवणघरात!"

"ठिबकतं तिथे पाण्याला फक्त वाट सापडली आहे. साठा बाईंच्या डोक्यावर आहे."

व्यवस्थापकांनी बरीच कुरकुर केली. बाईंना सांगायचं कोणी, यावर तर ठेकेदारही घड्याळ बघायला लागला. शेवटी गच्चीताईच गेली. तिला वाटलं होतं, आपलं खरं निघालं म्हणून बाईंना बरं वाटेल.

बाईंनी कपाटातली पुस्तकं खाली काढली. मग म्हणाल्या, "दोन वर्षं ओरडले तर वेडी ठरले. आता खरी ठरले, तर खोली गेली. गप्प बसले असते तर काय झालं असतं?"

गच्चीताई खाली बसून बाईंची पुस्तकं खोक्यात भरू लागली. हे काही तिचं काम नव्हतं. गुडघे ठणकत होते. घरी नवरा, निवृत्त बसचालक, आमटी झाकून ठेवून वाट बघत असणार आणि रोजचंच म्हणणार, आता पुरे कर. बाईंनी मदतीला नको म्हटलं नाही. आभारही मानले नाहीत.

बाई मोठ्या खोलीत दोघींबरोबर राहायला गेल्या. दोघीही घोरायच्या. नवव्या दिवशी मजुरांनी कोपऱ्यावरचा थर काढायला घेतला, आणि छताचा दाराएवढा तुकडा, गंजून पातळ झालेल्या सळ्यांसकट, सरळ खाटेच्या जागी कोसळला. खोलीत कोणी नव्हतं. व्यवस्थापकांनी फोन करून एवढंच सांगितलं, आणि पलीकडच्या इमारतीची गच्ची कधी बघता, असं विचारलं.

पाच महिन्यांनी ती फेरतपासणीला गेली. संध्याकाळी सगळी गच्ची कॅमेऱ्यात सारखीच गडद दिसली. खाली बाईंचं सामान पुन्हा कोपऱ्यात लागलं होतं. बाईंनी तिला बसायला खुर्ची दिली आणि वास येतो का विचारलं. तिने खरं ते सांगितलं, की इतक्या गच्च्यांनंतर तिला कसलाच वास कळत नाही.

"मला येतो, पण रंगाचा," बाई म्हणाल्या. "जाईल चार दिवसांत."

मग त्या चहा सांगायला गेल्या. चहा येईपर्यंत गच्चीताईला खुर्चीतच डोळा लागला होता. बाईंनी कपावर बशी झाकली आणि दिवा मालवला.