रस्ताच उचलून नेला

लातुरात मी नोकरीचे अर्ज भरायला जायचो, त्या नेट कॅफेत शेजारच्या खुर्चीवर एक काका रोज दुपारी गाड्यांच्या शर्यतीचा ऑनलाइन गेम खेळायचे. ते एसटीचे ड्रायव्हर; मेडिकल तपासणीत नापास झाल्यामुळं त्यांची बसची ड्युटी सुटलेली. बसण्याआधी ते चपला काढायचे, टेबलावर लावलेल्या गेमच्या स्टिअरिंगच्या पाया पडायचे. वळण आलं की सवयीनं, बसच्या खिडकीतून काढावा तसा, उजवा हात बाहेर काढायचे आणि तो माझ्या खांद्यावर आदळायचा. वर मलाच म्हणायचे, "साइड द्या की, सर!"

एकदा पडद्यावर इंग्रजी नोटीस आली. आमच्या घरात इंग्रजी वाचणारा पहिला मीच; ऐटीत वाचून दाखवली.

"काका, महिन्याची वर्गणी भरणारे कमी झाले. आज संध्याकाळी कंपनी हा गेम बंद करून राहिली."

"मी तर भरतो की. अन् हा रस्ता?"

"तोबी जाईल. कंपनीचाच हाय तो."

काका पडद्यावरच्या रस्त्याकडं बघत म्हणाले, "आमची गाडी बंद पडली तरी रस्ता जाग्यावर ऱ्हायचा. हितं लोक रस्ताच उचलून नेऊन राहिले."

मग त्यांनी गाडी कडेला घेतली आणि हात बाहेर काढून मागच्या सगळ्यांना पुढं जाऊ दिलं. रस्त्याच्या दोन्हीकडं बघत ते गाडी घेऊन सावकाश निघाले. त्यांच्या हाताला जागा व्हावी म्हणून मी माझी खुर्ची सरकवून घेतली.