द्राक्षबागेतल्या बाया

भिकन पगारे मूळचा निफाडकडचा. १९७१ साली तो नाशकात आला आणि भद्रकालीतल्या एका पेंटरच्या हाताखाली बोर्ड रंगवू लागला. अक्षर वळणदार होतं. हळूहळू दुकानांच्या पाट्यांसाठी, विहारातल्या बुद्धाच्या चित्रांसाठी लोक त्यालाच बोलवायला लागले.

१९७७ मध्ये निफाडच्या एका बागायतदाराने, सहादूनानांनी, नव्या बंगल्याच्या भिंतीवर द्राक्षबाग रंगवायला सांगितली. भिकनने बाग काढली आणि वेलींखाली घड तोडणाऱ्या बायाही काढल्या. त्याची आई यशोदाबाई अशाच बागांमधून रोजाने जायची.

नाना चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले.

"बाग झकास झालीय, पेंटर. पण ह्या बाया कशाला? तेवढ्या पुसून टाका."

"नाना, घड कुणीतरी तोडतंच ना?"

"भिंत माझी आहे," नाना शांतपणे म्हणाले.

ते खरंच होतं. भिकनने हिरवा रंग कालवला आणि बायांवर पानं रंगवली. परतीच्या एसटीत त्याला वाटत राहिलं, त्या बाया पानांमागे उभ्याच आहेत. घरी येऊन त्याने ते लिहून काढलं. वस्तीतल्या जयंतीच्या कार्यक्रमात वाचलं, तेव्हा शाळामास्तर असलेला त्याचा मित्र काळू म्हणाला, "ही कविता आहे, भिकन. लिहीत जा."

तो लिहीत गेला. दिवसभर पाट्या, संध्याकाळी कॅनव्हास. कविता मात्र सायकल चालवताना सुचायच्या. काही मासिकांत छापून आल्या. येवल्याच्या कविसंमेलनाचं बोलावणं आलं; जायच्या दिवशी हाताला लागलेला रंग निघाला नव्हता. तसाच गेला.

१९८३ मध्ये नाशकात एका वाचनालयाच्या सभागृहात त्याच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन भरलं. बागेतल्या बाया आता कॅनव्हासवर होत्या. यशोदाबाई शेजारणींना घेऊन आल्या. एका चित्रापाशी थांबल्या.

"ही मीच ना? नुसती पाठच काढली रे. तोंड कुठं हाय?"

"तू कायम वाकलेलीच दिसायचीस, आई."

"मग आता बसलेली काढ."

पुढच्या रविवारी त्याने आईला खुर्चीत बसवलं. रिकाम्या हातांनी बसायची तिला सवय नव्हती. थोड्या वेळाने तिने लसूण सोलायला घेतला. भिकनने तिला तशीच रंगवली. चेहरा जरा रागीट आला. यशोदाबाईंना तो पसंत पडला.