ठकुबाईची फटफटी

कापूरहोळच्या बाजी लोहाराचा दिवस पहाटे चारला सुरू होई. बैलगाड्यांच्या चाकांवर लोखंडी धावा चढवणं हे त्याचं काम. बायको ठकुबाईचे पाय गेलेले. विंझरला माहेरी जायला ती झुरायची, पण बैलगाडीचे हादरे सोसत नव्हते. दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपल्यावर बाजीने भंगारातली जुनी फटफटी आणली आणि तिच्यासाठी स्प्रिंगांची साइडकार जोडली. पहिल्याच दिवशी फटफटी गाड्यांच्या चाकोरीत उतरली, साइडकारचं चाक मधल्या उंचवट्यावर चढलं आणि सगळं कलंडलं.

ठकुबाई धूळ झटकत म्हणाली, "आवं, माह्यारी न्हेताय का वरती?"

साइडकारचं चाक दुसऱ्या चाकोरीत पडावं म्हणून बाजीने बैलगाडीच्या मापाचा लांब आस घडवला. सरळ येईपर्यंत पुन्हा पुन्हा तापवून ठोकला. मग चाकं दोन्ही चाकोऱ्यांतून नीट धावली. साठवलेल्या मजुरीतून पेट्रोल भरलं, त्यावर ठकुबाई आईच्या दारात पोचली.